फायबरच्या होडीच्या पोटाला टिकाऊ ठिपकेदार रंग: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

फायबरची होडी साच्यात तयार होते. साच्याला टेकलेली बाहेरची बाजू गुळगुळीत निघते. आतली बाजू मात्र मॅटचे (काचेच्या तंतूंच्या चटईचे) धागे, तिला घट्ट धरणाऱ्या रेझिनचे ओघळ आणि रोलरच्या खुणा घेऊनच बाहेर येते. या आतल्या बाजूवर एकरंगी चकचकीत रंग मारला की सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक धागा आणि प्रत्येक खड्डा मोजता येतो. करड्या जमिनीवर (म्हणजे ठिपक्यांखालच्या सलग रंगावर) पांढरे-काळे बारीक ठिपके असले की नजर ठिपक्यांवरच खेळते, खालची खडबड लक्षात येत नाही. वाळूचे पाय, माशांच्या रक्ताचे डाग, दोरीचे घासटे हेही त्यात मुरून जातात.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९६०-७० च्या काळातल्या कित्येक फायबर बोटींच्या आत आणि मोटारींच्या डिकीतसुद्धा असा ठिपकेदार रंग असे. तिथे ‘झोलाटोन’ हे नाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. या जातीच्या रंगात एकाच डब्यात दोन-तीन रंगांचे थेंब एकमेकांत न मिसळता तरंगत असतात आणि मोठ्या नोझलच्या गनने, कमी हवेवर फवारले की तसेच ठिपके होऊन बसतात. डबा जोरात हलवला किंवा मशीनवर ढवळला तर थेंब फुटतात आणि सगळ्याचा मिळून एकच मळकट रंग होतो. तो काठीने सावकाश ढवळायचा असतो.

मालवण, तारकर्ली, देवबागच्या बाजूला पर्यटकांना फिरवणाऱ्या फायबरच्या होड्या आता भरपूर आहेत. दर वर्षी मेच्या अखेरीस त्या वर ओढल्या जातात आणि शाकारून ठेवतात. मग दिवाळीच्या सुमारास ‘आतून एकदा रंगवून घेऊ’ असा विषय निघतो. हा लेख त्या वेळेसाठी आहे. मासेमारीची छोटी फायबर होडी असेल तरी कृती हीच.

दुकानात काय काय मिळेल आणि त्यातलं काय घ्यावं

होडीच्या पोटातल्या रंगाला काय काय सोसावं लागतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. पायाखालची वाळू म्हणजे चालता-फिरता पॉलिश पेपर. खणात तासन्‌तास साचून राहणारं खारं पाणी, पेट्रोल-ऑइलचे थेंब, एप्रिलचं ऊन आणि रोज एकाच जागी आपटणारा नांगर. या सगळ्यापुढे टिकतो तोच टिकाऊ रंग.

भिंतींसाठी मिळणारा ग्रॅनाइटसारखा दिसणारा पाण्यातला रंग दिसायला हुबेहूब असतो आणि सोपाही वाटतो. तो घेऊ नका. साचलेल्या पाण्यात तो मऊ पडतो. स्प्रेच्या डब्यात मिळणारा दगडी फिनिशही शोभेच्या वस्तूंसाठीच बरा. साधा ऑइलपेंट स्वस्त आहे, हाताला वळतो, पण पेट्रोल सांडलं की सुटतो आणि उन्हात वर्षभरात पांढुरका पडतो.

जेलकोट (फायबरच्या होडीचा बाहेरचा रंगीत रेझिनचा थर) किंवा फ्लोकोट हा पर्याय चांगला आहे, कारण होडी मुळात त्याच घराण्यातली. पण जेलकोट हवेत उघडा राहिला तर वरून चिकटच राहतो. तो सुकावा म्हणून त्यात मेण घातलेलं असतं आणि त्यालाच फ्लोकोट म्हणतात. त्याचे ठिपके उडवायचे तर हार्डनर (रेझिन किंवा रंग कडक करणारा दुसरा भाग) घातल्यापासून हातात मोजकी मिनिटं असतात. सवय नसलेल्याची गन तेवढ्या वेळात आतून दगड होते. नवख्याने त्यात पडू नये.

फरशीच्या इपॉक्सी कामात वापरतात त्या रंगीत फ्लेक्स (बारीक चकत्या) ओल्या थरावर पसरून वरून पारदर्शक थर देता येतो. उभं राहायच्या जागेसाठी हे उत्तम. पण होडीच्या उभ्या बाजूंवर फ्लेक्स नीट बसत नाहीत, घसरून खाली गोळा होतात.

माझं मत विचाराल तर खाली दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचं अस्तर, त्यावर दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग (दुकानात याला नुसतं ‘पीयू’ म्हणतात), त्याच पीयूचे हाताने उडवलेले ठिपके आणि वरून पारदर्शक पीयू. खर्च जास्त येतो. पण सगळे थर एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घेतले तर ते एकमेकांना धरून राहतात. ठिपक्यांचा टिकाऊपणा ठिपक्यांत नसतो, तो खालच्या अस्तरात आणि वरच्या पारदर्शक थरात असतो.

हे मी वाचून शिकलो नाही. पहिल्या वर्षी चुलतभावाच्या होडीवर आधीचा ऑइलपेंट बऱ्यापैकी दिसत होता, म्हणून आम्ही तो तसाच ठेवला. त्यावर ऑइलपेंटचेच ठिपके उडवले, ते सुरेख आले. दुकानदार म्हणाला, वरून पीयूचं क्लिअर मारा, काही होत नाही. मारलं. दहा मिनिटांत नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, सुरुवात झाली. तापल्या दुधावरची साय फुंकर मारल्यावर जशी आकसते, तशी सगळी रंगाची कातडी सुरकुत्या धरून वर आली. पीयूच्या थिनरने खालचा ऑइलपेंट उचलला होता. ते सगळं खरवडायला आम्हाला तीन दिवस लागले. आमच्याकडचे एक जुने मिस्त्री तेव्हा बाजूला उभे होते. ते एवढंच म्हणाले, “पयलो तुकडो करून बघ, मगेच होडयेक हात लाव.” तेव्हापासून आमच्याकडे फायबरच्या एका टाकाऊ तुकड्यावर सगळे थर त्याच क्रमाने चढवून, आठवडाभर उन्हा-पाण्यात ठेवून मगच काम सुरू होतं. तुम्हीही तुकडा कराच.

आधी होडीवर काय आहे ते ओळखा

पांढऱ्या फडक्यावर थोडं थिनर घ्या आणि आतल्या बाजूला चार-पाच ठिकाणी अर्धा मिनिट दाबून घासा. रंग फडक्यावर उतरला किंवा मऊ पडला तर तो एका भागाचा, म्हणजे हार्डनर न लागणारा रंग आहे, सगळा काढावा लागेल. काहीच उतरलं नाही तर तो बहुधा जेलकोट, फ्लोकोट किंवा आधीचा दोन भागांचा रंग आहे. मग ब्लेडने बारीक चौकटी पाडा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्याने ओढा. खपल्या पट्टीबरोबर आल्या तर तो थरही काढायचा. सुटत असलेल्या थरावर कितीही महागाचा रंग चढवला तरी तो खालच्यासकट सुटतो.

याच वेळी एक नाणं घेऊन तळ आणि मागची इंजिन बसवायची फळी ठोकत जा. घट्ट जागी टणक आवाज येतो. जिथे आवाज बद्द येतो तिथे आतला थर सुटलेला असतो किंवा आतलं लाकूड कुजलेलं असतं. तिथे रंगाचं काम तूर्त थांबवा, आधी फायबरच्या मिस्त्रीला दाखवा.

धुणं आणि सुकवणं

घासकामाच्या आधी धुवा, नंतर नाही. हा क्रम उलटा झाला तर वरचं मेण आणि ऑइल पॉलिश पेपरच्या चरांत कोंबलं जातं आणि मग काही केल्या निघत नाही. साबणाच्या पाण्याने घासून गोड्या पाण्याने भरपूर धुवा. सुकल्यावर पांढऱ्या रेघा दिसल्या तर अजून मीठ आहे, पुन्हा धुवा. मग डिग्रीझर किंवा त्या रंगाच्या कंपनीने सांगितलेल्या थिनरने पुसा. एका फडक्याने ओलं करा आणि सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचला. शेवटी पाणी शिंपडून बघा. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ झाला. अळवाच्या पानावरच्यासारखे थेंब झाले तर अजून तेलकट आहे.

पावसाळाभर पडून राहिलेल्या होडीच्या फायबरमध्ये ओल असते. संध्याकाळी हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने बंद करून तळावर चिकटवा. सकाळी आतून थेंब जमलेले दिसले तर अजून थांबा. ऑक्टोबरच्या उन्हात, होडी आडोशाला उघडी ठेवली, तर दोन-तीन आठवड्यांत बराच फरक पडतो. घाई झाली की फोड येतात, आणि ते नेमके एप्रिलमध्ये, ऐन धंद्याच्या दिवसांत येतात.

घासकाम

जुना सुटा रंग काढायला ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग प्रायमरसाठी १२० ते १८०. चमक कुठेही राहता कामा नये. चमकणारी जागा म्हणजे न घासलेली जागा. कोपरे आणि फळ्यांखालच्या बेचक्या हातानेच घासाव्या लागतात आणि पोपडे निघायला सुरुवात तिथूनच होते, म्हणून तिथे जास्त वेळ द्या.

फायबरची धूळ म्हणजे बारीक काच. पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा आणि चांगला मास्क लावा, तोंडाला नुसता रुमाल चालत नाही. काम संपल्यावर आधी न चोळता गार पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या आणि मग साबण लावा. गरम पाण्याने आंघोळ केली तर रात्रभर अंग टोचत राहतं.

खड्डे, जुने स्क्रूचे भोक, केसासारख्या चिरा यांत इपॉक्सीची लांबी भरा. भिंतीची किंवा लाकडाची लांबी इथे चालत नाही, ती पाणी पिते. सगळी खडबड भरून गुळगुळीत करायच्या मागे लागू नका. त्यासाठीच तर ठिपके आहेत.

अस्तर

इपॉक्सी प्रायमरचे दोन भाग डब्यावर सांगितलेल्या प्रमाणातच घ्या. पाहून अंदाजाने नाही, मापाच्या डब्याने. हार्डनर जास्त घातला की लवकर सुकतो हा समज चुकीचा आहे. जास्तीचा हार्डनर थरात तसाच राहतो आणि थर कच्चा पडतो. ढवळून झाल्यावर काही प्रायमर १०-१५ मिनिटं तसेच ठेवायचे असतात. कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तर तेवढं थांबा.

दोन हात द्या. सुकल्यावर वर हाताला मेणचट लागलं तर तो इपॉक्सीचा स्वभाव आहे, विशेषतः दमट हवेत. पाणी आणि स्कॉचब्राइटने धुवा, सुकू द्या आणि मग २२० ते ३२० नंबरने हलका घासा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पॉलिएस्टरवर (होडीचं आणि जेलकोटचं रेझिन सहसा हेच असतं) इपॉक्सी छान बसतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. म्हणजे एकदा इपॉक्सीचं अस्तर दिलं की पुढे त्यावर जेलकोट किंवा फ्लोकोटचा विचार सोडायचा. फायबरची दुरुस्ती बाकी असेल तर ती अस्तराआधी उरका. आणि दुरुस्तीच्या रेझिनमध्ये तुम्ही स्वतः कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला मदत करणारा द्रव) आणि हार्डनर घालणार असाल तर ते दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं, मग हार्डनर.

वेळ कुठली

कोकणात हिवाळ्यात पहाटे दव पडतं आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. वाऱ्याबरोबर वाळू येते, संध्याकाळी पुन्हा दव येतं. ओल्या पीयूवर दव पडलं की चमक जाते आणि पांढुरकी झाक येते, ती पुसून निघत नाही. म्हणून दव पूर्ण सुकल्यावर, साधारण साडेनऊला सुरुवात करा आणि एकच्या आत ब्रश धुवायला टाका. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी काम ठेवू नका. होडीवर ताडपत्री बांधा, पण कडा मोकळ्या सोडा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि होडीचं पोट म्हणजे तिला मोठं पातेलंच, वाफ तळाशी साचते. पंखा लावा, बॅटरी काढून ठेवा, आसपास कोणालाही विडी पेटवू देऊ नका.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो आणि एकदा ॲलर्जी झाली की पुढे थोडंसुद्धा सोसत नाही. ब्रश-रोलरने काम करताना मोकळी हवा, रबरी हातमोजे आणि थिनरसारख्या रसायनांच्या (ऑरगॅनिक) वाफेसाठीची गाळणी, म्हणजे कार्ट्रिज, असलेला मास्क वापरा. गनने फवारायचं असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर फवारणी करू नका, मी स्वतः करत नाही.

जमिनीचा रंग

पांढरा घेऊ नका, दुपारी डोळ्यांना झळ लागते. गडद घेतला तर एप्रिलमध्ये अनवाणी पाय ठेवता येत नाही. फिकट करडा किंवा ओल्या वाळूचा रंग बरा. थिनर पीयूचंच घ्या. साध्या थिनरमध्ये अल्कोहोल किंवा पाण्याचा अंश असला तर हार्डनर त्याच्याशीच जुळतो आणि रंग नीट पिकत नाही.

अंदाज असा धरा: सहा मीटरच्या होडीची आतली बाजू १५ चौरस मीटरच्या आसपास भरते. खडबडीत पृष्ठभागावर एका लिटरमध्ये एका हाताला ७-८ चौरस मीटर होतं. म्हणजे दोन हातांना चार लिटर. प्रायमर आणि क्लिअर यांनाही तसंच धरा. ठिपक्यांना मात्र प्रत्येक रंगाचा पाव लिटर पुष्कळ होतो.

ठिपके

आता सगळ्यात आनंदाचं काम, आणि चुकलं तर पुसता न येणारं.

एक गडद आणि एक पांढरा, असे दोनच रंग घ्या. तिसरा घेतला की रांगोळी होते. रंग जमिनीच्या रंगापेक्षा किंचित घट्ट ठेवा. पातळ रंगाचा ठिपका उभ्या बाजूवर ओघळतो आणि अश्रूसारखी शेपटी धरतो. फार घट्ट असेल तर ठिपका पडायच्या ऐवजी तार सुटते.

राठ केसांचा दोन इंची ब्रश रंगात टोकापुरताच बुडवा आणि डब्याच्या काठावर निथळा. दुसऱ्या हातात लाकडी पट्टी धरा आणि ब्रशचा दांडा पट्टीवर मनगटाने आपटा. पहिले दोन-तीन फटके नेहमी मोठे थेंब टाकतात, ते पुठ्ठ्यावर घ्या. पुठ्ठ्यावर मोहरीएवढे ठिपके सारखे पडायला लागले की हात होडीकडे वळवा. हातभर अंतर ठेवा. अंतर वाढलं की ठिपके विरळ होतात, कमी झालं की एका जागी झुंबड होते. दर वेळी ब्रश बुडवला की पुन्हा पुठ्ठ्यापासून सुरुवात. कोपऱ्यांत आणि फळ्यांखाली दांतघासणीचा ब्रश घेऊन अंगठ्याने केस मागे ओढून सोडा, तिथे मोठा ब्रश आपटायला जागाच नसते.

आधी गडद रंग सगळीकडे विरळ, मग पांढरा. थोडं कमी झालं असं वाटेल तिथेच थांबा आणि बाजूला जाऊन, दहा पावलांवरून बघा. ठिपके वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. मोठा डाग पडलाच तर ओला असतानाच थिनरने ओल्या केलेल्या कापसाच्या बोळ्याने टिपा. तो पुसू नका, पसरतो.

एक जागा मात्र ठिपक्यांविना सोडा. तळाचा पाणी साचायचा खण आणि इंजिनाच्या फळीची आतली बाजू साध्या फिकट करड्या रंगाचीच ठेवा. ठिपके खडबड लपवतात तशीच नवी चीरही लपवतात आणि ऑइलची गळतीही. या दोन ठिकाणी चीर पहिल्याच दिवशी दिसली पाहिजे, तिच्यावर माणसांचे जीव असतात.

पारदर्शक थर

इथे वेळेचं गणित पक्कं लागतं. पत्रकात पुढच्या थरासाठी दोन वेळा दिलेल्या असतात, कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. जास्तीची वेळ उलटली तर एरवी आपण थर घासून पुढचा देतो. पण ठिपके घासता येत नाहीत, घासले की त्यांची डोकी उडतात आणि खालची जमीन डोकावते. म्हणून जमिनीचा शेवटचा हात, ठिपके आणि क्लिअरचा पहिला हात हे तिन्ही त्या मुदतीत बसवा. आम्ही एका सकाळी जमीन, दुसऱ्या सकाळी ठिपके, तिसऱ्या सकाळी क्लिअर असं करतो. तुमच्या रंगाची मुदत यापेक्षा कमी असेल तर ठिपके आणि क्लिअर जवळ आणा. हवा तापलेली असेल तर मुदत आणखी आखडते.

क्लिअर उन्हात टिकणारं, बाहेरच्या कामाचंच घ्या. दोन हात द्या, बारीक स्पंजच्या रोलरने, आणि लगेच कोरड्या ब्रशच्या टोकाने हलके बुडबुडे मोडत जा. उभं राहायच्या जागी पहिल्या हाताच्या ओल्या थरावर बारीक धुतलेली सिलिका वाळू चिमटीने सारखी पेरा आणि वरून दुसरा हात द्या, नाहीतर ओल्या पायाने माणूस घसरतो. किनाऱ्यावरची वाळू वापरू नका. कितीही धुतली तरी तिच्यात मीठ राहतं आणि ते पाणी ओढत राहतं.

सात दिवस होडीत पाणी, पेट्रोल, नांगर काहीही येऊ देऊ नका. हाताला दुसऱ्या दिवशीच सुकलं असं लागतं, पण आतून रंग पिकायला तेवढे दिवस लागतात. त्यानंतर नांगर ठेवायच्या जागी जुन्या टायरचा रबरी तुकडा टाका.

उरलेल्या रंगाचं झाकण घट्ट लावा. हार्डनरचा डबा हवेतली ओल घेऊन घट्ट होतो, म्हणून तो शक्यतो लहानच विकत घ्या. डब्यावर मार्करने तारीख, रंगाचा नंबर आणि तुम्ही केलेलं थिनरचं प्रमाण लिहा. पुढच्या वर्षी नांगराने टवका उडाला की तेवढीच जागा घासून, अस्तर-जमीन देऊन, दांतघासणीने चार ठिपके टाकून वर क्लिअर मारता येतं, आणि प्रमाण तेच असेल तर जोड कुठे आहे ते तुमच्याशिवाय कुणालाही सापडत नाही.